ओपन म्हणजे बंद

मार्च लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात खळीचा वास येतो. बाकांवर दहावीचे बैठक क्रमांक चिकटवायला आमचे शिपाई अजून मैद्याची खळच शिजवतात. विकतचा डिंक मुलं नखानं उकरून काढतात, असा त्यांचा अनुभव आहे. बाहेर ऊन रणरणायला लागलेलं असतं, मैदानाच्या कडेचा पांगारा लाल झालेला असतो, आणि पर्यवेक्षणाच्या याद्या हातात घेऊन मी वर्गावर्गातून फिरत असते. अशा वेळी हटकून आठवावा असा माझा एकच विद्यार्थी आहे.

सव्वीस वर्षं मी मराठी शिकवते आहे. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी कुणी डॉक्टर झालं, कुणी नगरसेवक झालं, आणि एकानं तर शाळेसमोरच चहाची गाडी टाकून मला फुकट चहा देणं सुरू केलं. पण मी स्वतः समोर बसवून, घोकून घेऊन, पाठ थोपटून पाठवलेला आणि तरीही तोंडी परीक्षेत आपटलेला विद्यार्थी एकच. वय एकावन्न. धंदा, रेल्वेचं इंजिन चालवणं. माझ्याशी नातं, नवरा. आणि तो का आपटला याचं खरं उत्तर असं आहे की मी शिकवलं म्हणून.

त्या वर्षी कोल्हापूरला तार आली. आमच्या लहानपणी कुणाकडे तार आली म्हटलं की ती फोडायच्या आधीच घरातल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. ही तार कागदाची नव्हती, तांब्याची होती, आणि मिरजेकडून एकेक खांब रोवत सावकाश चालत आली. आधी खड्डे, मग करडे खांब, मग खांबांना फुटलेले हात, आणि एका सकाळी पाहिलं तर स्टेशनावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात चकाकणारी रेघ. फाटकाफाटकाजवळ कवटीचं चित्र आणि पंचवीस हजार व्होल्टची पाटी. गावात पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. आता गाड्या जोरात पळणार, धूर जाणार, पुणं जवळ येणार. मीही शाळेत ‘आमच्या शहराची प्रगती’ असा निबंध देऊन टाकला आणि चाळीस मुलांनी चाळीस वेळा त्यात ‘विजेच्या वेगाने’ असं लिहिलं. आमच्या घरी मात्र तार जुन्याच अर्थानं पोचली.

कारण आमचे हे डिझेलचे ड्रायव्हर. कागदावर त्यांना लोको पायलट म्हणतात. पण ‘मग विमान कुठं लावलंय?’ असं विचारणारी माणसं आमच्या मंगळवार पेठेत पुष्कळ, म्हणून हे स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात. लग्न झाल्यापासून आमच्या घरात डिझेल होतं. यांचे शर्ट मी कधी आमच्या कपड्यांत भिजवले नाहीत. उशीला, टॉवेलला, अगदी दिवाळीच्या उटण्याच्या वाटीलाही तो वास असे. माहेरी गेले की दोन दिवस मला झोप लागत नसे आणि का लागत नाही हे मी कुणाला सांगतही नसे. इंजिनाच्या धडधडीत उभं आयुष्य गेल्यामुळे यांचा आवाज चार घरं पलीकडे जातो. जेवताना ‘मीठ दे’ म्हणाले तर समोरच्या घरातून मीठ यायचं.

आणि मला या इंजिनाबद्दल काय माहीत होतं? तेवीस वर्षं संसार करून मला वाटत होतं की डिझेल इंजिनाची चाकं डिझेल फिरवतं. त्या हिवाळ्यात ट्रेनिंगचं पत्र आलं तेव्हा कळलं की तसं नसतंच. आत डिझेलवर एक जनित्र चालतं, ते वीज तयार करतं, ती वीज मोटारींना जाते आणि मोटारी चाकं फिरवतात. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही आधीपासून विजेवरच चालवताय, मग त्यात नवीन ते काय शिकायचं? हे माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जशी मी ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणणाऱ्याकडे बघते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शौकतभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी येतात. जळलेलं तांबं काढायचं, नवं गुंडाळायचं. त्यांच्या मुलीला मी दहावीला शिकवलं, म्हणून ते मला बाई म्हणतात. यांच्याबरोबर ते पहिलीपासून एका बाकावर होते, म्हणून यांना दत्त्या म्हणतात. त्या हिवाळ्यात, हे ट्रेनिंगला निघेपर्यंत, त्या दुकानासमोरच्या लाकडी पेटीवर बसून रोज संध्याकाळी डिझेल आणि वीज यांची कुस्ती चाले, आणि मी कोथिंबीर आणायला म्हणून जाऊन ती ऐकत उभी राही.

यांचं म्हणणं, डिझेल म्हणजे शिदोरी बांधून निघालेला माणूस. कुठंही जावं, कुणाच्या दारात ताट मागत उभं राहू नये. वादळात झाड पडून तार तुटली की तुमची विजेची गाडी जाग्यावर बसणार, आणि तिला ओढायला शेवटी डिझेलच बोलवावं लागणार. शौकतभाईंना हे सगळं मान्य होतं. त्यांनी हातातलं तांबं न सोडता एवढंच विचारलं, “दत्त्या, तालमीतला पैलवान खुराकाचं पोतं पाठीवर बांधून कुस्ती खेळतोय काय रं?”

यावर हे बराच वेळ पेटीची फळी नखानं खरवडत बसले. कारण त्यात सगळंच आलं होतं. डिझेल इंजिन आपलं वीजघर, आपलं तेल, सगळं अंगावर घेऊन पळतं. जितका वेग हवा तितकं मोठं इंजिन, जितकं मोठं इंजिन तितकं वजन, आणि ते वजन ओढायला पुन्हा ताकद. विजेच्या गाडीचं वीजघर मागे कुठंतरी गावात बसलेलं असतं आणि ही रिकाम्या अंगानं पळत असते. स्टेशनातून चटकन उठते, चढावर धापा टाकत नाही, आणि काही इंजिनं तर ब्रेक लावला की थोडी वीज तारेला परत देतात. जगात ज्या गाड्या खरोखर वाऱ्यासारख्या पळतात त्या बहुतेक तारेखालीच पळतात, हे यांना आम्हा दोघांच्या आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि कबूल करणं ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि त्यांच्या मधे आमच्या एकेरी लाईनीवर गाडी क्रॉसिंगला फार वेळ थांबते.

नियम साधा होता. लांबच्या सेंटरवर ट्रेनिंग, मग लेखी, मग तोंडी. नापास झाल्यास आणखी एक संधी. तीही गेली, तर पॅसेंजर गाडी सुटली. मग कुठल्यातरी यार्डात डबे इकडचे तिकडे करायचे, नाहीतर जिथं अजून तार पोचली नाही अशा दूरच्या लाईनीवर बदली. नोकरी जाणार नव्हती. जाणार होती ती सकाळी कोल्हापूर सोडणारी गाडी आणि संध्याकाळी कोल्हापुरात शिरणारी गाडी, म्हणजे यांच्या हिशेबानं सगळंच. पॅसेंजर ओढणाऱ्या ड्रायव्हरला यार्डात उभं करणं म्हणजे लग्नातल्या आचाऱ्याला पत्रावळ्या उचलायला लावणं, असं यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं की कुठलंच काम हलकं नसतं. ते म्हणाले, मग तुला उद्यापासून बालवाडी दिली तर? मी विषय बदलला.

तर ट्रेनिंगमधून सुट्टीला घरी आले की हे वही काढून बसायचे. बारीक अक्षरात आकृत्या, लाल शाईनं बाण. दहावीच्या सराव परीक्षांचे गठ्ठे एका बाजूला सारून मी यांच्यासमोर बसायची. आणि इथे या गोष्टीत माझं कर्तृत्व सुरू होतं.

वहीत पानोपानी दोन अक्षरं होती, डीजे. मला हसू आलं. आमच्या पेठेत डीजे म्हणजे काय हे सांगायला नको. गणपतीच्या मिरवणुकीत ज्यामुळे आमच्या मांडणीवरची भांडी नाचतात, तो. यांनी समजावलं की हा इंजिनाचा मुख्य स्विच. छतावरचा दांडा तारेतून वीज उचलतो, ती आत घ्यायची की नाही हे डीजेच्या हातात. ही दोन अक्षरं कुठल्या भाषेतली हे तिथं शिकवणाऱ्यांनाही धड माहीत नव्हतं. पूर्वी परदेशातून इंजिनं आली, त्यांच्याबरोबर आली म्हणतात.

मग आला न्यूट्रल सेक्शन. तारेला ठिकठिकाणी वेगवेगळ्या वीजघरांतून पुरवठा होतो. दोन पुरवठे एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांच्या मधे तारेचा एक छोटा तुकडा कोरडा ठेवलेला असतो. त्यात वीजच नाही. तो यायच्या आधी ड्रायव्हरनं डीजेनं वीज थांबवायची, गाडी आपल्या अंगच्या वेगानं तो तुकडा पार करते, आणि पलीकडे गेल्यावर वीज पुन्हा घ्यायची. विसरलात तर ठिणग्या, आणि फारच विसरलात तर तार जळते. डिझेलवाल्याला हे सगळं नवं, कारण त्याच्या आयुष्यात वर बघायची कधी गरजच पडलेली नसते.

पुस्तकात शब्द होते ओपन आणि क्लोज. हे पुनःपुन्हा त्यात अडकत होते. मी सव्वीस वर्षं मुलांना सांगत आले आहे की बाबांनो, घोकू नका. परका शब्द आधी आपल्या भाषेत आणा, मग तो तुमचा होतो. तेच मी यांना सांगितलं. कोरडा तुकडा आला की वीज हवी की नको? नको. म्हणजे बंद. मग म्हणा, डीजे बंद. पलीकडे गेलात की? चालू. पुस्तकात उलटं काहीतरी वाटतंय, असं हे एकदा पुटपुटले. मी म्हटलं, पुस्तकाचं सोडा, अर्थ धरा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत मी लिहिलं, ‘आधी डीजे बंद’, आणि तो कागद आरशावर चिकटवला. घरी असतील तेव्हा हे रोज दाढी करताना ते मोठ्यानं म्हणत. यांचं मोठ्यानं म्हणजे तुम्हाला कल्पना आली असेल. दूधवाल्यानं एकदा मला दारात विचारलं, “वैनी, गणपतीला अजून सा म्हैनं हाईत न्हवं?”

मला जे माहीत नव्हतं ते एवढंच. तारेच्या जगात ‘ओपन’ म्हणजे जोड उघडी पडली, म्हणजे वीज थांबली. ‘क्लोज’ म्हणजे टोकाला टोक मिटलं, म्हणजे वीज वाहू लागली. दार उघडलं की पाहुणा आत येतो; तार उघडली की वीज बाहेरच राहते. आणि लाईनीच्या कडेच्या पाट्या तर हिंदीत. कोरडा तुकडा यायच्या आधी ‘डीजे खोलें’, आणि पार झाल्यावर ‘डीजे बंद करें’. म्हणजे तिथं ‘बंद’चा अर्थ सुरू. मी शिकवलेल्या मराठीनं यांच्या तोंडी परीक्षेत उलटा रूळ धरला होता.

पुढचं यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तोंडी घेणारे साहेब उत्तरेकडचे, कमी बोलणारे. सगळं बरं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, न्यूट्रल सेक्शन आया, क्या करोगे? यांनी छाती काढून सांगितलं, “डीजे बंद करता, साहेब.” साहेबांनी मान वर केली. बंद? बंद. पक्का? “एकदम पक्का बंद करता. हमारे घर में आरशे पे लिख्या है.” साहेबांनी पेनाला टोपण लावलं. यांना वाटलं, उत्तर इतकं आवडलं की पुढं विचारायचीच गरज उरली नाही.

त्या मार्चमध्ये मी दुपारी पर्यवेक्षण करायची. वर्गात पंखा गरगरायचा, पाचवीपासूनची ओळखीची डोकी पेपरावर वाकलेली, कुणाच्या तरी घशात खोकला अडकलेला. आणि माझ्या मनात सारखं एकच येत राही, की या खोलीतल्या कुणालाही मी जे सांगितलं नसतं ते मी घरी ठामपणे सांगितलं. न समजलेल्या गोष्टीचा अर्थ सांगितला.

यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच वाईट. ‘मीठ दे’ हेसुद्धा आमच्याच घरात ऐकू येईल इतक्या हळू म्हणू लागले. शौकतभाईंच्या पेटीवर जायचे बंद झाले. आरशावरचा कागद मी काढून टाकला, पण चार कोपऱ्यांना गोंदाचे चार डाग राहिले आणि हे दाढी करताना त्या डागांच्या मधल्या रिकाम्या चौकोनात तोंड बघत. एकदा मी म्हटलं, वही काढू या का? म्हणाले, “र्‍हाऊ दे. डिझेल हाय तवर चालवतो. मग बघू यार्ड तर यार्ड.”

चैत्र लागला. जोतिबाची यात्रा आठवड्यावर आली होती. माझी बहीण रुकडीच्या पलीकडे एका खेड्यात राहते, तिच्याकडे आम्ही स्कूटरवरून निघालो होतो. फाटक पडलेलं. आम्ही थांबलो आणि मागून हलगी ऐकू आली. एका गावाची सासनकाठी जोतिबाला निघाली होती. तिमजली घराएवढा उंच कळकाचा बांबू, वर तुरा, अंगाला रंगीत कापड, आणि तोल सांभाळायला चारी बाजूंनी दोऱ्या धरून चालणारी माणसं. काठी पेलणारा म्हातारा गुलालानं डोक्यापासून पायापर्यंत लाल.

फाटकवाला हातात झेंडी घेऊन बाहेर आला. “पावणं, काठी आडवी घ्या. वर पंचवीस हजार व्होल्ट हाय.”

म्हाताऱ्यानं वर बघितलंच नाही. त्याचं म्हणणं, त्यांची काठी गावातनं उठली की डोंगरावर देवाच्या दारात टेकेपर्यंत आडवी होत नाही. त्याच्या आज्यानंही केली नव्हती. फाटकवाला म्हणाला, तुमच्या आज्याच्या वेळंला तार नव्हती. म्हातारा म्हणाला, तार नवी हाय, देव जुना हाय. फाटकवाला म्हणाला, मग मी फाटक उघडत न्हाय. गाडी धडधडत निघून गेली तरी फाटक पडलेलंच. मागे ट्रॅक्टर, दुचाक्या, एक वऱ्हाडाची जीप. हॉर्न, शिव्या, पोरांच्या शिट्ट्या. आमचे हे स्कूटरच्या आरशातून सगळं बघत होते.

शेवटी म्हाताऱ्यानं मान वर केली आणि तारेकडे बघितलं, बराच वेळ, एखाद्या नव्या सुनेकडे बघावं तसं. मग फाटकवाल्याला विचारलं, किती पावलं हाईत रं हितनं तितपत्तुर? पन्नास, तो म्हणाला. म्हातारा म्हणाला, देवाला इचारायला पायजे. काठीवर हात ठेवून त्यानं डोळे मिटले. हलगी थांबली. हॉर्नसुद्धा थांबले, खरंच. मग त्यानं डोळे उघडले.

“देव म्हंतोय, मला उशीर व्हायलाय. घ्या आडवी.”

आठ खांद्यांवर ती काठी आडवी झाली. पाळण्यातलं मूल उचलावं तशी त्यांनी ती रुळांवरून नेली, अनवाणी. पलीकडे जाऊन पुन्हा उभी केली, तेव्हा तुरा आधीपेक्षा उंच दिसला असं मला वाटलं. पण मी मराठीची शिक्षिका, मला काहीही वाटतं. चांगभलंचा गजर झाला, गुलाल उडाला, थोडा माझ्या नव्या साडीवरही आला. स्कूटर सुरू करताना हे एवढंच म्हणाले, “पन्नास पावलं.” पण ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की जीपमधल्या नवरदेवानं वळून बघितलं.

त्या रात्री वही पुन्हा निघाली. मी मात्र या खेपेला हात जोडले. दुसऱ्या दिवशी घरचा मिक्सर पिशवीत घालून मी शौकतभाईंकडे गेले. मिक्सर ठणठणीत होता. त्यांनी फिरवून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. आरसा, कॅलेंडर, बंद, चालू. ते हसले नाहीत, हे मी त्यांचे उपकार मानते. हसू आवरायला त्यांना दोनदा खोकावं लागलं, तेवढंच.

“बाई, आमच्यात उघडायचं-झाकायचं नस्तंय. ते डब्याचं काम. आमच्यात वायर तोडायची, न्हायतर जोडायची. ओपन म्हंजे तोडली. क्लोज म्हंजे जोडली. बास झालं.”

सव्वीस वर्षं मी ज्या भाषेवर पोट भरते, तिच्यात हे दोन शब्द होतेच की. तोड आणि जोड. मी ते शब्दकोशाच्या भरवशावर हुकवले आणि सातवी शिकलेल्या माणसानं तांब्याच्या वेटोळ्यातून काढून माझ्या हातावर ठेवले. त्या संध्याकाळपासून पेटीवर पुन्हा बैठक बसू लागली. शौकतभाईंनी दोन वायरची टोकं आणि एक बॅटरीचा दिवा घेतला. तोडली, विझला. जोडली, लागला. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखी उभी राहून बघत होते. हे मोठ्यानं म्हणत होते, तोडली, ओपन; जोडली, क्लोज. दूधवाल्यानं मला काही विचारलं नाही. त्यानं बहुधा आमच्या घराचा नाद सोडला होता.

एप्रिलच्या शेवटी दुसरी तोंडी झाली. साहेब तेच. प्रश्न तोच, अगदी पहिलाच. हे म्हणाले, “साहेब, पहले तोडता, बाद में जोडता. बीच में गाडी अपने दम पे जाती.” साहेबांनी विचारलं, तोडता माने? ओपन, साहेब. जोडता माने? क्लोज. साहेबांनी या खेपेला पेनाचं टोपण काढलं. मग पुढे पाऊण तास यांना सगळं इंजिन तोंडानं खोलायला आणि परत बसवायला लावलं. उठताना सहज विचारलं, ये तोडना-जोडना किसने सिखाया? यांनी शौकतभाईंचं नाव सांगितलं. और पिछली बार किसने सिखाया था? यावर यांनी काय उत्तर दिलं, ते मला अजूनपर्यंत सांगितलेलं नाही.

मी तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होते. फोन वाजला, पलीकडून ‘पास’ एवढंच ऐकू आलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या गणिताच्या मॅडमनीही माझं अभिनंदन केलं, कारण त्यांनाही ऐकू आलं होतं. माझ्या हाताखालच्या उत्तरपत्रिकेत कुणीतरी ‘जोडाक्षर’ची व्याख्या चुकवली होती. मी त्याला एक गुण जास्त दिला असेल तर तो देवाच्या नावानं जावा.

मे महिन्यात यांनी पहिल्यांदा विजेचं इंजिन लावलेली गाडी कोल्हापुरातून बाहेर काढली, आणि मी हट्टानं तिसऱ्या डब्यात बसले. गाडी उठली ते कळलंच नाही. डिझेल उठताना आधी आवाज येई, मग धक्का, मग आपण. ही म्हणजे बोट धरून नेल्यासारखी निघाली. पंचगंगेचा पूल, दोन्ही बाजूंना ऊस, फाटकावर थांबलेली माणसं. मी डोळे मिटून त्या कोरड्या तुकड्याची वाट बघत होते. मिरजेच्या पुढे एका ठिकाणी गाडी क्षणभर सैल पडली, नुसती तरंगत गेली, आणि मग पुन्हा तिला ओढ लागली. मी मनातल्या मनात म्हटलं, तोडली, जोडली. घरी आल्यावर मी यांना ती जागा वर्णन करून सांगितली. हे म्हणाले, तिथं पुढं सिग्नल पिवळा होता म्हणून वेग कमी केला. न्यूट्रल सेक्शन त्याच्या आधीच गेला, आणि मिरजेला गार्डसाहेबांनी तुला खिडकीशी झोपलेली पाहिली.

आता घराला डिझेलचा वास येत नाही. कधी कधी मला त्याची आठवण येते, मग मी ट्रॅक्टरच्या मागे जरा हळू चालते. झालं तेवढं. पण पूर्वी हे कामावरून आले की तासभर यांच्या कानात इंजिन चालू असायचं आणि त्या तासात घरातलं कुणी बोललेलं यांच्यापर्यंत पोचायचं नाही. आता बूट काढता काढता विचारतात, काय झालं आज शाळेत? इतक्या वर्षांत तो प्रश्न कधी अभ्यासक्रमात आलाच नव्हता.

तर आता पुन्हा मार्च आहे, व्हरांड्यात खळ शिजते आहे, आणि आमच्या घरी पुन्हा पत्र आलं आहे. कोल्हापूर-पुणे ती नवी पांढरी गाडी धावते ना, बंद काचांची, लांब नाकाची, तिच्या ट्रेनिंगचं. हिला वेगळं इंजिनच नाही; मोटारी डब्यांखाली वाटून दिलेल्या. शौकतभाई म्हणतात, ही तर पंगत झाली, प्रत्येक जण आपापल्या पानावर जेवतोय. बरोबरचे उमेदवार तिशी-चाळिशीतले, हे पंचावन्नचे. नाही जमलं तर आहे ती गाडी आहेच, असं मी म्हटलं. हे म्हणाले, ती हायच की; पण कोल्हापुरातनं सुटणारी सगळ्यात पळणारी गाडी आपल्या हातनं एकदा तरी सुटाय पायजे. आणि मग जरा हळू, “या खेपेला तू अर्थ सांगू नकोस.”

परवा आम्ही दोघं त्याच गाडीनं पुण्याला निघालो. मला उत्तरपत्रिकांच्या कामाची बैठक, यांना तिथून पुढं ट्रेनिंगला. ड्रायव्हर माणूस प्रवासी झाला की बसल्या बसल्या झोपतो, हा आमचा आजवरचा अनुभव. पण परवा यांना झोप येईना. मांडीवर बॅग, बॅगेवर नवी वही, आणि बाजूच्या खिडकीला नाक लावलेलं. सगळं आयुष्य या माणसानं ही वाट समोरून पाहिली. रूळ, सिग्नल, फाटक, पुन्हा रूळ. कडेनं कधी बघितलीच नव्हती. घरांची मागची अंगणं, वाळत घातलेल्या सांडग्यांवर छत्री धरून बसलेली एक बाई, गुऱ्हाळाचा धूर, उसाच्या बांधावर उभं राहून गाडीला हात करणारी दोन शाळकरी मुलं.

“ही पोरं रोज हात करत्यात?” यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, करत असतील. तुमच्या गाडीलाही करत असतील.

हे खिडकीतून मागे पडत गेलेल्या त्या बांधाकडे मान वळवून बघत राहिले. एक फाटक गेलं, एक ओढा गेला. मग म्हणाले, हे कुठलं गाव? इतकी वर्षं ज्या स्टेशनाचा प्रत्येक सिग्नल यांनी नियमाप्रमाणे मोठ्यानं पुकारला, ते स्टेशन यांना बाजूनं ओळखू आलं नाही. मी म्हटलं, अहो, रुकडी होतं ते. गेलं सुद्धा.

“गेलं?” हे अर्धवट उठले, पुन्हा बसले. “बघायचंच राहिलं की.”

“येताना बघा,” मी म्हटलं.

यांनी वही बॅगेत सरकवली, बॅगेची चेन लावली, आणि पलीकडच्या रांगेतल्या माणसालाही कळेल अशा आवाजात म्हणाले, “येताना म्या पुढं असणार की.”